नोकरी कुणाकडे, किती दिवसांची

आधार कार्ड, पॅन कार्ड, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र, बँक पासबुकाची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कामाला लागायला निघालेल्या मुलाच्या फोल्डरमध्ये हे सगळे नीट लावलेले असते. रुजू होण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी होते, काही ठिकाणी पोलीस पडताळणीचा दाखलाही मागतात. आधी कुठे काम केले, ते का सोडले, गाव कोणते, लग्न झाले का, हेही विचारून घेतात. कंपनीला त्याच्याविषयी जे हवे ते एक-दोन दिवसांत कळते. कंपनीविषयी त्याला मात्र फारसे काही कळत नाही. कामावर घेताना मालकाने उमेदवाराला काय सांगायला हवे, आणि तो ते का सांगत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तो समजून घ्यायला संत तुकाराम नगर ही योग्य जागा आहे. पिंपरीतल्या या वस्तीला लागून वल्लभनगरचे एसटी आगार आहे, जवळच महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर मेट्रोचे स्थानक आहे. ते 6 मार्च 2022 रोजी सुरू झाले. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेली मुले वल्लभनगरला उतरतात, चहा घेतात आणि भोसरीची किंवा चाकणची बस विचारतात. शेजारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर आहे. 1954 साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यापासून पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात मानतात. 1962 मध्ये एमआयडीसी आली, पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. त्या पिढीतला माणूस एकदा गेटच्या आत गेला, की काही काळाने परमनंट होई आणि त्याच कंपनीतून निवृत्त होई. आज या भागात अशी घरे सहज सापडतील, जिथे वडिलांनी एकाच कंपनीत हयात काढली आणि मुलाने पाच वर्षांत सहा गेट बदलली. दोघांच्या हातातले कौशल्य सारखेच असते, कधी मुलाचे जास्तच. भरती होताना दोघांना जे सांगितले गेले, त्यात मात्र मोठा फरक आहे.

खांबांवर, टपऱ्यांच्या पत्र्यावर आणि आता व्हॉट्सअॅपच्या गटांत फिरणाऱ्या जाहिरातींचा मजकूर साधारण एकाच साच्यातला असतो. अर्जंट भरती. नामांकित कंपनीत. दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा. कँटीन आणि बस मोफत. पगाराचा आकडा मोठ्या अक्षरात आणि खाली मोबाइल नंबर. कंपनीचे नाव बहुतेक वेळा नसतेच. फोन लावला तर उचलणारा कंपनीचा माणूस नसतो. तो लेबर कंत्राटदाराचा, किंवा त्या कंत्राटदाराला माणसे पुरवणाऱ्याचा असतो. मुलाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: आपला मालक कोण, काम किती दिवसांचे आणि हातात किती येणार. नेमके याच तीन ठिकाणी त्याच्याशी बोलणारा माणूस गप्प राहतो.

मध्यस्थामार्फत भरती करण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसे भरायचा अधिकार जॉबरकडे असे. गावाकडून आलेल्या माणसाला जागा मिळवून द्यायची आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायची, नंतर ती जागा टिकवून ठेवायलाही घ्यायची, असा तो व्यवहार होता. 1931 साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी बदली कामगारांना कार्ड देऊन त्यांच्यातूनच रोजच्या जागा भरण्याची योजना आणली, तीही जॉबरची पकड सैल व्हावी म्हणूनच. गिरणीमालक इतकी वर्षे जॉबरवर का विसंबला, याचे कारण सरळ होते. माणसाला काय सांगितले, किती पैसे घेतले, कुणाला का काढले, याचा जाब मालकाला द्यावा लागत नसे. चाकणमधला आजचा कंत्राटदार जॉबरपेक्षा वेगळा आहे. त्याच्याकडे परवाना असतो, पीएफचा कोड असतो, कार्यालय असते. पण कंपनी आणि कामगार यांच्या मधे उभे राहून जबाबदारीचा धागा तोडायचे काम तोही करतो, आणि पुष्कळदा त्याला त्यासाठीच नेमलेले असते.

आता दिवसांचा हिशेब पाहू, कारण या पट्ट्यातल्या भरतीचे खरे मर्म तिथे आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत 4-सी हे कलम होते. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम केले असेल तर त्याला कायम करावे, असे ते सांगे. हंगामी कारखान्यासाठी हा आकडा 190 होता. औद्योगिक विवाद कायद्यातही सलग वर्षभराची सेवा मोजायला 240 दिवसांचेच माप होते. कायद्याने कामगाराच्या रक्षणासाठी ठेवलेला हा आकडा मनुष्यबळ विभागांनी कॅलेंडरवर उलट्या बाजूने मोजायला घेतला. सातव्या महिन्यात ब्रेक. काही दिवस किंवा महिने घरी, मग पुन्हा नव्या कार्डावर तेच मशीन, किंवा शेजारच्या कंपनीत दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर तेच काम. ‘ब्रेक लागला’ हे इथे अगदी सहजपणे सांगितले जाते. ऐकणाराही पुढे काही विचारत नाही.

कायदा करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक होती. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब याच प्रकाराची आहे. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना बदली, कॅज्युअल किंवा तात्पुरते म्हणून नेमणे आणि वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, ही अनुचित प्रथा ठरवली आहे. इथे ‘हेतू’ महत्त्वाचा आहे. तात्पुरता माणूस घेणे गुन्हा नाही. कायमच्या कामावर तात्पुरता म्हणून घेणे, आणि घेतानाच त्याला कधीही कायम करायचे नाही हे मनात ठरवून ठेवणे, हे अप्रामाणिक आहे.

या बाबीचा कस लागला तो एसटीच्याच एका प्रकरणात. रात्रपाळीत बस झाडून-धुऊन ठेवणारे सफाई कामगार वर्षानुवर्षे रोजंदारीवर होते. औद्योगिक न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या बाजूने आधार होता 2006 च्या उमादेवी निकालाचा. सरकारी सेवेत रीतसर भरती न होता आलेल्या तात्पुरत्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे त्या निकालाने ठरवले होते. 28 ऑगस्ट 2009 रोजी, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमादेवी निकालामुळे औद्योगिक न्यायालयाचा अनुचित प्रथेविरुद्ध आदेश देण्याचा अधिकार जात नाही. जागा असतानाही मालकाने माणसांना तात्पुरते ठेवले असेल, तर त्यांना कायम करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. रीतसर भरती न करणे ही मालकाची चूक होती, तिची शिक्षा झाडू मारणाऱ्याने का भोगावी, हा साधा न्याय त्यात आहे. शिवाय हा मालक खुद्द सरकारी महामंडळ होता. खासगी मालकाला नीती शिकवायला निघालेल्या शासनाने हे विसरू नये.

ब्रेकपेक्षाही सोपी वाट 2013 नंतर सापडली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नीम नावाची योजना आणली. शिक्षण घेतलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या तरुणांना कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता यावे, असा तिचा उद्देश होता. प्रशिक्षण तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत आणि विद्यावेतन अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके. प्रशिक्षणार्थी हा कामगार नाही, त्यामुळे त्याचे मालकाशी नोकरीचे नाते नाही, अशी तिची रचना होती. पीएफ नाही, ईएसआय नाही, 240 दिवसांची भानगड नाही. चांगल्या हेतूची योजना कशी वापरली जाते याचा धडाच या पट्ट्याने दिला. असेंब्ली लाइनवर कायम कामगाराच्या शेजारी उभा राहून, त्याच्याच वेगाने, तिन्ही पाळ्यांत तेच नट आवळणारा मुलगा कागदावर तीन वर्षे ‘शिकत’ राहिला. पुण्यातल्या कामगार संघटनांनी याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. 2022 च्या अखेरीस परिषदेने ही योजना गुंडाळली.

अशा भरतीच्या जाहिरातींवर ‘कमवा आणि शिका’ असे लिहिलेले असते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुलेही राबत, पण संध्याकाळी त्यांच्यासमोर पुस्तक आणि शिक्षक असे, आणि शेवटी हातात पदवी येई. नीमच्या मुलाला तीन वर्षांनी काय मिळाले, हा प्रश्न भरतीच्या दिवशीच विचारायचा होता: कोण शिकवणार, काय शिकवणार, परीक्षा कोण घेणार, आणि शिकून झाल्यावर आमच्याकडे जागा आहे का? 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून, शिकून तयार झालेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबतचे स्वतःचे धोरण प्रत्येक मालकाने ठरवावे, असे त्यात आहे. ते धोरण ‘आम्ही कुणालाही घेत नाही’ असे असले तरी हरकत नाही. मोरवाडीच्या आयटीआयतून आलेल्या मुलाला ते पहिल्या दिवशी वाचायला मिळाले, तर तो दुसरीकडे अर्ज करायचा की नाही हे स्वतः ठरवू शकेल.

हाताला लागणाऱ्या पगाराचे गणित थोडक्यात सांगतो. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये आहेत. मालकाचा पीएफचा वाटा 12 टक्क्यांनी 1,800, ईएसआयचा 3.25 टक्क्यांनी 488, ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी 722. ही सगळी बेरीज 18,010 होते, आणि जाहिरातीत 18,000 छापून येतात. कामगाराच्या पगारातून त्याचा पीएफ 1,800, ईएसआय 113 आणि पुरुष असेल तर व्यवसाय कर 200 रुपये कापले जातात. हातात येतात 12,887. गणवेश आणि बुटांचे पैसे काही कंत्राटदार पहिल्या पगारातून वळते करतात, ते वेगळे. छापलेल्या आकड्यात खोटे काही नसते. पण त्या आकड्यावर भरवसा ठेवून कॉट बेसिसवर जागा घेतलेल्या आणि घरी महिन्याला किती पाठवणार हे आईला फोनवर सांगून बसलेल्या मुलाला पहिल्या पगारपत्रकाच्या दिवशी जे वाटते, त्याची जबाबदारी त्या छापणाऱ्यावर आहेच.

‘आम्ही खोटे बोललो नाही, त्याने विचारले नाही’, हा बचाव भरती करणाऱ्यांकडून नेहमी येतो. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचे सतरावे कलम कपटाची व्याख्या करताना याच प्रश्नात शिरते. वस्तुस्थिती ठाऊक असताना ती मुद्दाम दडवणे हे कपट आहे. पाळायचा इरादाच नसताना दिलेले वचनही कपट आहे. नुसते गप्प राहणे मात्र कपट नाही, असे कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. पण बोलण्याचे कर्तव्य असेल किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल, तर तेही कपट ठरते. ‘काम चांगले कर, पुढे बघू’ हे वाक्य या पट्ट्यातल्या प्रत्येक शॉप फ्लोअरवर ऐकू येते. कायम करण्याचा कोणताही विचार नसताना ते म्हणणारा सुपरवायझर कायद्याच्या कचाट्यात सापडेलच असे नाही. नीतीच्या दृष्टीने पाहिले, तर त्या एका वाक्यावर एखाद्याने रविवारचे ओव्हरटाइम केलेले असतात, बहिणीच्या लग्नाला एकच दिवस सुट्टी घेतलेली असते.

आधी सांगण्याने काय फरक पडतो, हे 14 मे 2025 च्या एका निकालात दिसते. विजया बँकेने अधिकाऱ्यांच्या भरतीत अट घातली होती: किमान तीन वर्षे नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये भरावे लागतील. मुदतीआधी सोडून गेलेल्या एका अधिकाऱ्याने तिला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. निकालाची कारणे अनेक आहेत. माझ्या मते इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती अट जाहिरातीतच छापलेली होती. अर्ज करणाऱ्याने ती वाचून अर्ज केला होता. अट जाचक वाटली तरी तिच्यात फसवणूक नव्हती. उलट, रुजू झाल्यावर आठवड्याने मूळ प्रमाणपत्रे काढून घेणारी आणि मग बाँडचा कागद पुढे सरकवणारी कार्यालये पुण्याच्या परिसरात कमी नाहीत.

खरे सांगितले तर माणसे येणारच नाहीत, ही मालकांची भीती. अमेरिकेत जॉन वानूस यांनी 1973 साली एका टेलिफोन कंपनीत हे तपासले. ऑपरेटर म्हणून येऊ पाहणाऱ्या काही मुलींना नेहमीची कौतुकाची फिल्म दाखवली. इतरांना काम जसे आहे तसे दाखवणारी फिल्म दाखवली, त्यातला कंटाळा आणि वरिष्ठांची सततची नजर यांसह. नोकरी स्वीकारण्याचे प्रमाण दोन्हीकडे फारसे वेगळे निघाले नाही. खरे चित्र पाहिलेल्यांच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार कमी आला. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला आहे, तेव्हा याला जादू समजू नये. पण मालकांची भीती तरी त्यात खरी ठरलेली नाही. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत दर सहा महिन्यांनी नवी फळी शिकवून तयार करण्यात किती माल रिजेक्ट होतो, हे तिथल्या क्वालिटी विभागाला पाठ असते.

मौनाचा आणखी एक प्रकार आहे, तो निवडीच्या वेळचा. अमरावतीचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश आढळली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. कारण अर्थातच कुणालाही कळवले गेले नव्हते. आपल्या पट्ट्यात याची स्थानिक आवृत्ती आहे. खेड, मावळ, जुन्नरच्या मुलांची जुनी तक्रार अशी, की जमिनी आमच्या गेल्या आणि गेटवर ‘लोकल नको’ असे ऐकावे लागते. सरकारी प्रोत्साहनाचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के, आणि पर्यवेक्षकीय जागांवर 50 टक्के स्थानिक घ्यावेत असे राज्याचे धोरण आहे. त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, तेव्हा नांदेडचा मुलगाही त्यात बसतो आणि आकडा पुरा होतो. लांबचा मुलगा पसंत पडतो, कारण त्याच्या पाठीशी गाव नसते, तो ओव्हरटाइम नाकारत नाही आणि युनियनच्या सभेला जायला घाबरतो. हे कारण कोणतीही कंपनी लिहून देणार नाही. जे कारण उजेडात सांगता येत नाही त्या कारणावरून निवड करू नये, एवढी कसोटी मला इथे पुरेशी वाटते.

भोसरीच्या एमआयडीसीत वीस माणसांचे वर्कशॉप चालवणाऱ्याची अडचणही खरी आहे. मोठ्या कंपनीचे शेड्यूल एका मेलवर अर्धे होते, बिलाचे पैसे तीन महिन्यांनी येतात, आणि खोटा अनुभवाचा दाखला आणणारे उमेदवारही त्याला भेटतात. तो सगळ्यांना कायम करू शकत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. ‘ऑर्डर दिवाळीपर्यंतची आहे, पुढचे मला माहीत नाही’ असे तो सांगू शकतो. छोट्या वर्कशॉपचे मालक पुष्कळदा असे सांगतातही, कारण ते स्वतः मशीनशेजारी उभे असतात आणि मुलाच्या डोळ्यांत बघून बोलतात. ज्या कंपनीत भरती करणारा, काम करून घेणारा आणि काढून टाकणारा अशी तीन वेगळी माणसे असतात, तिथे खरे सांगण्याची जबाबदारी कुणाच्याच वाट्याला येत नाही.

ही जबाबदारी कुणावर टाकायची, याचे उत्तर कागदावर पन्नास वर्षांपूर्वीच तयार होते. कंत्राटी कामगार कायदा 1970 चा, त्याचे केंद्रीय नियम 1971 चे. त्या नियमांनुसार कंत्राटदाराने कामावर घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत कामगाराला एक कार्ड द्यायचे असे. कार्डावर काय हवे असे, ते पाहण्यासारखे आहे: कंत्राटदाराचे नाव-पत्ता, ज्या आस्थापनेत काम चालते तिचे नाव, मुख्य मालकाचे नाव-पत्ता, कामाचे स्वरूप आणि ठिकाण, वेतनाचा दर, वेतनाचा कालावधी आणि नोकरीची मुदत. जाहिरातीत दडवल्या जाणाऱ्या तिन्ही गोष्टी या एका पुठ्ठ्यावर येत. गळ्यातल्या आयकार्डावर बहुधा फोटो, रक्तगट आणि कंत्राटदाराचे नाव असते. मुदत आणि मुख्य मालक दिसत नाहीत. ईएसआयच्या दवाखान्यात किंवा पीएफ काढायच्या वेळीच मुलाला कळते, की आपण कागदोपत्री भलत्याच कुणाकडे कामाला होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ठरावीक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि सोयी, आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, हेही त्यात आहे. संहितांवर कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मला रास्त वाटतात, पण नेमणूकपत्राचे कलम चांगले आहे. ते रुजू झाल्यावर सहीसाठी पुढे आलेला इंग्रजी कागद होऊन राहिले, तर त्याचा उपयोग अर्धाच. ते मराठीत किंवा मुलाला वाचता येईल त्या भाषेत हवे, आणि तो गावाहून निघण्याआधी त्याच्या मोबाइलवर यायला हवे. जाहिरात व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्याला नेमणूकपत्राचा मसुदा त्याच नंबरवर पाठवायला पैसे पडत नाहीत. त्यात कंत्राटदाराच्या नावाखाली कंपनीचे नाव, शेवटची तारीख आणि हातात येणारी रक्कम लिहिलेली असली, तर वल्लभनगरचे तिकीट काढायचे की नाही हे उदगीर किंवा अंबाजोगाईत बसूनच ठरवता येईल.